आमसुली रंगाची चूक

अजितचा फोन आला तेव्हा मी दिवाणखान्यात बसून मोज्यांच्या जोड्या लावत होते. गुरुवार होता, माझी सुट्टी. "काकू, आई गेली," तो कार्डिफहून म्हणाला, "मगाशीच... झोपेत." मी "बरं" म्हणाले. खरंच, एवढंच म्हणाले. मग फोन ठेवला आणि पुन्हा जोड्या लावायला बसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. संध्याकाळी घरच्यांनी पाहिलं तर एकूण एक जोडी चुकलेली, एक काळा आणि एक नेव्ही ब्लू. वहिनी असत्या तर त्यांनी ते मोजे दोन बोटांत धरून माझ्या नाकासमोर नाचवले असते. "नलू," त्या नेहमी म्हणायच्या, "तुला देवाने डोळे दिलेत ते फक्त दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघायला." आता सहा आठवडे झाले. रडून झालं, दिवस झाले, भेटायला येणारी माणसं येऊन गेली. आता मला अभिमानाने दोन शब्द लिहायचे आहेत आणि त्यासोबत एक गोष्ट कबूलही करायची आहे.

प्रमिला हसबनीस माझी थोरली जाऊ. मी त्यांना वहिनी म्हणत असे, त्या मला नलू. लंडनजवळ हाउन्सलोच्या आमच्या घरात दोघे भाऊ, दोन जावा, वहिनींचा अजित, माझ्या दोन मुली आणि येऊनजाऊन असलेल्या सासूबाई असे आम्ही सोळा वर्षं एकत्र राहिलो. एका स्वयंपाकघरात दोन जावा म्हणजे भांड्याला भांडं लागणारच, तसं आमचंही लागायचं. मी फटकळ, त्या मोजकं बोलणाऱ्या. मी भाजीत मीठ जास्त घालते असं त्यांचं मत होतं आणि त्या घालतच नाहीत असं माझं. पण मला पहिल्या बाळंतपणात दोन महिने बिछान्यातून उठू न देणारी बाई तीच होती, त्यामुळे मिठाचा मुद्दा मी फार ताणला नाही.

वहिनींचं माहेर इचलकरंजीचं. घराच्या दोन्ही बाजूंना माग चालायचे, त्या आवाजातच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. शिक्षण मॅट्रिक. कपड्याला हात लावला की त्यात सूत किती, भेसळ किती, पहिल्या धुण्यात काय होणार हे त्या सांगत. आणि एक सवय त्यांना आईकडून आलेली होती. दुकानात कितीही दिवे असोत, साडी घ्यायची तर ती दारात नेऊन उजेडात बघायची. साउथॉलमध्ये मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर साडी घ्यायला गेले तेव्हा त्यांनी एक मोरपिशी साडी खांद्यावर टाकली आणि सरळ दुकानाबाहेर चालू लागल्या. मागून दुकानदार ओरडत धावला, त्याच्यामागे त्याचा भाऊ. या फुटपाथवर बसस्टॉपपाशी उभ्या, पदर उघडून आकाशाकडे बघतायत. दुकानदाराला म्हणाल्या, "भाईसाहब, ये अंदर हरा था, बाहर नीला है. कौनसा बेच रहे हो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साडी त्यांनी घेतली नाहीच, आणि पुढच्या वेळी त्याच दुकानात गेलो तर दुकानदाराने स्वतःच दार उघडून धरलं.

स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा एक कारखाना होता, तिथे त्यांनी तेरा वर्षं मशीन चालवलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो बंद पडला. वहिनी तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या, आता या वयात कोण घेणार म्हणून घरी ब्लाउज शिवायच्या बेतात होत्या. तेवढ्यात जॉबसेंटरमध्ये एक कार्ड लागलं. एका जपानी मोटार कंपनीने त्याच इस्टेटच्या टोकाला आपलं डिझाइन सेंटर उघडलं होतं. युरोपात विकायच्या गाड्या कशा दिसाव्यात, आतून कशा असाव्यात, हे ठरवायचं काम तिथे चाले. गाड्या बनत नसत, नुसत्या कल्पनेतल्या गाड्यांचे मातीचे आणि लाकडाचे नमुने बनत. त्या नमुन्यांच्या सीट शिवायला त्यांना एक हात हवा होता.

मुलाखतीला त्यांना एक मखमलीची सीट दाखवली आणि विचारलं, अशी शिवाल का? वहिनींनी सीटवरून एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर हात फिरवला आणि म्हणाल्या, अशी शिवणार नाही. मखमलीला लव असते. पाठीचा डावा तुकडा लवेच्या दिशेने कापला होता आणि उजवा उलटा, त्यामुळे एकाच ताग्यातले दोन तुकडे असून उजवी बाजू काळपट दिसत होती. समोर दोन इंग्रज बसले होते, ते एकमेकांकडे बघायला लागले. कोपऱ्यात एक बुटका, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला जपानी माणूस इतका वेळ गप्प उभा होता. तो पुढे आला, गुडघ्यावर बसला, त्याने स्वतः हात फिरवून पाहिला आणि वहिनींना विचारलं, "तुमच्याकडे कात्री आहे?" यांच्या पर्समध्ये कात्री नेहमीच असायची. त्या दोघांनी मिळून मुलाखतीतच ती सीट उसवली. ते ओकुमुरा-सान, सान म्हणजे आपल्या 'राव'सारखं, त्या सेंटरचे प्रमुख. संध्याकाळी वहिनी घरी आल्या आणि कोट काढता काढता म्हणाल्या, "नलू, साहेब जमिनीवर बसतो. जमेल मला."

जमलं, आणि कसं जमलं ते आम्ही घरच्यांनीही फार उशिरा ओळखलं. आम्हाला वाटे, त्या शिवतात. दोन वर्षांत त्या शिवणाच्या मशीनवरून उठून रंगखोलीत गेल्या होत्या. गाडीचा बाहेरचा रंग, आतलं कापड, दरवाजाच्या आतलं अस्तर, छत, हे सगळं एकमेकांना शोभेल असं निवडायचं काम त्या खोलीत चाले. तिथे बाकी सगळे कॉलेजातून डिझाइन शिकून आलेले. वहिनींजवळ कॉलेज नव्हतं, डोळा होता. शिवाय आपल्या साड्यांच्या रंगांची नावं होती, चिंतामणी, डाळिंबी, गुलबक्षी, शेवाळी. इंग्रजीत ज्या ठिकाणी नुसतं "डार्क ग्रीन" म्हणून माणसं थांबत तिथे यांच्याकडे चार वेगळे शब्द असत आणि चार वेगळे रंगही. नमुन्यांच्या मागे त्या पेन्सिलीने देवनागरीत नावं लिहीत. ओकुमुरा-सानना ती पद्धत इतकी आवडली की त्यांनी प्रत्येक नावाचा अर्थ विचारून आपल्या वहीत जपानीत उतरवून घेतला. अबोली म्हणजे फूल, आणि ते अबोल का, हे समजावून सांगताना वहिनींची कशी तारांबळ उडाली ते त्या हसत सांगत.

जपानी साहेबाकडून त्या एक गोष्ट शिकल्या, ती मात्र थोडी महागात पडून. पहिल्याच मोठ्या मीटिंगमध्ये कोणीतरी एक राखाडी कापड पुढे केलं आणि वहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या, यावर वर्षभरात धाग्यांचे गोळे येतील. खरंच होतं ते. पण मीटिंग थिजली. नंतर ओकुमुरा-सान त्यांना म्हणाले, मीटिंग ही वाद घालायची जागा नव्हे, आधीच जमलेलं दाखवायची जागा आहे. वाद आधी घालायचा. प्रत्येकाच्या टेबलाशी जायचं, एकट्याला गाठायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, आपलं सांगायचं. सगळ्यांचं जमलं की मग मीटिंग. वहिनी याला "टेबलं फिरणं" म्हणत. मी म्हटलं, "वहिनी, आपल्याकडे याला कान भरणं म्हणतात." त्यावर त्या म्हणाल्या, "कान भरणारा मागे बोलतो. हे समोर जाऊन बोलायचं असतं, म्हणून जास्त कठीण आहे."

आणि बाईने ती विद्या घरातही वापरली! अजितला कार्डिफच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिथलीच एक वेल्श नर्स त्याच्या मनात भरली. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या आणि त्यांचा स्वभाव असा की "नाही" हा शब्द त्या आधी म्हणत आणि प्रश्न मग ऐकत. वहिनी पंधरा दिवस टेबलं फिरल्या. आधी दादांना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, बागेत गाठलं. मग माझ्या नवऱ्याला गाडी धुताना. मला बटाटेवडे तळून खायला घातले, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. शेवटी सासूबाईंच्या पायाला तेल लावता लावता त्यांना विचारलं, "तुमच्या मते काय करावं?" रविवारी सगळे जमलो तेव्हा अजित बिचारा घामाघूम होऊन तोंड उघडतोय तोच सासूबाई म्हणाल्या, "ते ठरलंय. तारीख सांग." चहा गार व्हायच्या आत मीटिंग संपली. अजितला आजतागायत कळलेलं नाही की हे कसं झालं, आता हे वाचून कळेल.

आता ती आमसुलीची हकीगत सांगते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. एक लहान गाडी तयार होत होती, शहरात फिरवायची, तरुण माणसांसाठी. त्या गाडीला एक तरी रंग असा हवा होता की लोकांनी वळून पाहावं. वहिनींनी आमसुली सुचवला. काळ्याकडे झुकणारा जांभळा, पण कडेला उजेड पडला की आतून लाल दिसणारा. तिथल्या डिझायनरांना आमसूल कुठून माहीत असणार, म्हणून यांनी घरून डबाभर आमसुलं नेली. ओकुमुरा-साननी एक तोंडात टाकलं आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, आमच्याकडे असंच आंबट फळ खारवून ठेवतात, त्याचा रंग मात्र इतका चांगला नसतो. तो रंग वहिनींचा म्हणून त्यांनी उचलून धरला. डिग्री नसलेल्या शिवणकामवाल्या बाईचा रंग गाडीला द्यायचा, यावर सेंटरमध्ये कुजबुज झालीच. ओकुमुरा-साननी त्यांच्या पद्धतीने टेबलं फिरून ती मिटवली. जानेवारीत जपानहून बडे लोक येणार होते, त्यांच्यापुढे आठ रंगांचे पत्रे ठेवायचे होते. पत्रा म्हणजे ताटाएवढा, थोडा बाक दिलेला लोखंडी तुकडा, त्यावर खऱ्या गाडीचा रंग मारतात. आठांत आमसुली सगळ्यांत पुढे असणार होता.

हे सगळं डिसेंबरात पक्कं झालं, आणि घोळ तिथेच झाला. ज्यांनी इथला डिसेंबर पाहिलाय त्यांना सांगायला नको. सकाळी अंधारात घर सोडायचं, संध्याकाळी अंधारात परत यायचं. त्यातच रंगखोलीत नवे दिवे बसले होते. दिवसाच्या उजेडासारखा उजेड देणारे, ओकुमुरा-साननी मुद्दाम जपानहून मागवलेले. त्यांना त्या दिव्यांचं फार कौतुक. वहिनींनी सगळे निर्णय त्या दिव्यांखाली दिले. पत्रा बाहेर न्यावा असं एकदा मनात आलं होतं, पण साहेबांना वाटेल की माझा दिव्यांवर विश्वास नाही, म्हणून नेला नाही. आयुष्यभर प्रत्येक साडी दारात नेऊन पाहणारी बाई, आणि स्वतःचा रंग तिने भिडेपोटी दिव्याखाली पास केला.

पाहुणे मंगळवारी येणार होते. आधीच्या शुक्रवारी वहिनी तो पत्रा पिशवीत घालून घरी घेऊन आल्या, आम्हाला दाखवायला. शनिवारी सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. तुम्ही म्हणाल जानेवारीत कपडे बाहेर कशाला, तर पाऊस नव्हता, एवढंच. आभाळ राखेच्या रंगाचं. वहिनी कौतुकाने पत्रा घेऊन बाहेर आल्या, कुंपणाला टेकवला आणि चार पावलं मागे सरल्या. आणि तशाच उभ्या राहिल्या. मी चिमटे तोंडात धरून म्हटलं, "छान आहे की."  त्या जवळ गेल्या, लांब गेल्या, खाली बसून पाहिलं. मग म्हणाल्या, "नलू, हा मेलाय."

मी नीट पाहिलं. मला काळा-निळा कळत नाही, पण ते मलाही कळलं. रात्री दिव्याखाली त्यांनी मला दाखवला तेव्हा तो पत्रा आतून पेटल्यासारखा लाल दिसला होता. आता तो सार करून पिळून घेतलेल्या आमसुलासारखा दिसत होता. ना काळा, ना जांभळा. आणि या देशात वर्षातले किती दिवस असंच आभाळ असतं ते सांगायची गरज नाही. गाडी काही रंगखोलीत चालवायची नव्हती.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात आलो. वहिनींनी पत्रा टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसल्या. मी चहा टाकला. त्या म्हणाल्या, "सोमवारी सांगायला हवं." आणि मी... मी जे बोलले ते आज जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "वहिनी, गप्प बसा. तुमच्या एकटीचं मत होतं का? सगळ्यांनी पाहिला, सगळ्यांनी हो म्हटलं. सहीसुद्धा साहेबांची आहे. मंगळवारी पाहुणे त्याच दिव्यांखाली बघणार, वा वा म्हणणार आणि जाणार. तुम्ही सांगितलंत तर काय होईल? ज्यांनी आधी कुजबुज केली ते म्हणतील, बघा, शिवणकामवालीला बसवलं की असं होतं. तुम्ही पुन्हा मशीनवर. आणि ज्या माणसाने तुम्हाला वर आणलं त्याचंही नाक कापलं जाईल." मी हे सगळं त्यांच्या काळजीने बोलले, यात खोटं काही नाही. पण काळजीने दिलेला सल्लाही वाईट असू शकतो. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, चहा प्यायल्या, कप विसळला. म्हणाल्या, "तुझं बरोबर असेल." रविवारभर त्या त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, पटलं.

सोमवारी सकाळी त्या ऑफिसात जाऊन सगळ्यांत आधी टेबलं फिरल्या. एकेकाच्या समोर उभं राहून सांगितलं, आमसुली चुकलाय, मी तो बाहेर नेऊन पाहिला नाही, चूक माझी. ज्यांनी त्यांच्याबद्दल कुजबुज केली होती त्यांच्या टेबलाशीही गेल्या. सगळ्यांत शेवटी ओकुमुरा-सान. ते ऐकून त्यांनी दातांतून हवा आत ओढली. वहिनी सांगत, जपानी माणूस असा आवाज करतो तेव्हा समजायचं की प्रकरण गंभीर आहे. मग ते फक्त म्हणाले, "दाखवा." दोघं कार पार्कमध्ये गेली. भिंतीला पत्रा टेकवला. त्यांनी तो जवळून पाहिला, लांबून पाहिला. शेवटी म्हणाले, "दिवे मी आणले होते," आणि आत निघून गेले.

मंगळवारी वहिनी साडी नेसून गेल्या. पाहुणे चार. पत्रे आठांच्या जागी सात. ओकुमुरा-सान उभे राहिले आणि म्हणाले की आठवा रंग आज दाखवणार नाही, निर्णय घेताना माझी चूक झाली. म्हणजे त्यांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली होती. आता रीतीप्रमाणे बाकी सगळ्यांनी मान खाली घालून बसायचं. साहेबानेच शिकवलं होतं की मीटिंगमध्ये वाद नाही. वहिनींनी तो धडा तीन वर्षं पाळला होता. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माफ करा, ही चूक ओकुमुरा-सानची नाही. माझी आहे. मी पत्रा दारात नेला नाही."  पाहुण्यांतले सर्वांत वयस्कर गृहस्थ दुभाष्याकडे वळले. दारात म्हणजे काय? वहिनींनी साडीच्या दुकानापासून सगळं सांगितलं. त्या गृहस्थांनी आपला कोट मागवला. म्हणाले, मग उरलेले सात आपण कुठे बघतोय?

भुरभुर पावसात सगळे कार पार्कमध्ये उभे राहिले. वहिनींचा पदर वाऱ्याने सारखा उडत होता आणि एक जपानी बाई तो धरून उभी होती, हे त्या फार खुशीत सांगत. सातांतले आणखी दोन रंग तिथे बाद झाले. वहिनींना कोणी मशीनवर परत पाठवलं नाही. आमसुलीवर पुन्हा आठ महिने काम झालं, काळा कमी केला, लाल वाढवला, आत बारीक चमक घातली, आणि या वेळी प्रत्येक पत्रा बाहेर गेला, उन्हात, ढगांत, पावसात. गाडी बाजारात आली तेव्हा कंपनीने त्या रंगाला कुठल्यातरी इंग्रजी फळाचं नाव दिलं होतं. पण मी बसमधून जाताना पहिली आमसुली गाडी पाहिली तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसून म्हणाले, "दॅट इज माय सिस्टर-इन-लॉज कलर." ती बिचारी पुढच्या स्टॉपवर उतरली.

ओकुमुरा-सान जपानला परतले तेव्हा निरोपाच्या दिवशी त्यांनी रंगखोलीची प्रमुख म्हणून वहिनींचं नाव वाचून दाखवलं. मॅट्रिक झालेली, पन्नाशी उलटलेली, इचलकरंजीची बाई! घरी येऊन त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि वरणाला फोडणी द्यायला लागल्या. मीच साऱ्या हाउन्सलोभर फोन करत सुटले. पुढची काही वर्षं त्यांनी ती खोली चालवली, अगदी आजारी पडेपर्यंत. कार्डिफला अजितकडे राहायला गेल्यावरही फोनवर माझ्या तब्येतीआधी विचारायच्या, "आज आभाळ कसं आहे तिथे?" त्या शनिवारच्या माझ्या सल्ल्याबद्दल मात्र त्या मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. मीही विषय काढला नाही. मला लाज वाटायची, आणि लाज वाटते हे सांगायचीही लाज वाटायची.

मागच्या आठवड्यात अजितने सांगितलं म्हणून मी त्यांचं सामान आणायला स्लाऊला गेले. त्यांच्या जागी आता केट नावाची तिशीतली मुलगी आहे, वहिनींच्याच हाताखाली शिकलेली. तिने खोकं भरून ठेवलं होतं. कात्री, चष्मा, खोलीत घालायच्या सपाता, जिऱ्याचा वास असलेला डबा. मी भिंतीकडे पाहिलं. वहिनींच्या टेबलामागच्या भिंतीवर तो पहिला, चुकलेला पत्रा लावलेला होता. मी म्हटलं, हाही देशील का? केट अवघडली. "माफ करा," ती म्हणाली, "तो नाही देता येणार. तो आम्हाला लागतो." मग तिने सांगितलं की सेंटरमध्ये नवीन कोणी रुजू झालं की पहिल्या दिवशी त्याला तो पत्रा घेऊन कार पार्कमध्ये नेतात आणि गोष्ट सांगतात. प्रमिलाच सांगायची, आता केट सांगते. कुठलाही रंग पुढे गेला की इथले इंग्रज, जपानी सगळे विचारतात, "दारात नेला का?" 'दारात' हा शब्द ते मराठीतच म्हणतात.

 तेवढ्यात केटने माझा हात धरला. "तुम्हीच ना त्या?" ती म्हणाली. "त्या आम्हाला नेहमी सांगायच्या. 'मी घाबरले होते, पत्रा पिशवीत घालून ठेवला होता, गप्प बसायचं ठरवलं होतं. पण माझ्या जावेने चहा केला आणि म्हणाली, सोमवारी जाऊन खरं सांगा.' मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते की अशी जाऊ सगळ्यांना मिळो."

मी तिथल्या स्टुलावर बसले. बाईने स्वतःच्या रंगाबद्दल चार परक्या लोकांसमोर खरं सांगितलं आणि माझ्याबद्दल इतकी वर्षं साऱ्या सेंटरला खोटं सांगत राहिली. माझा भित्रेपणा स्वतःकडे घेतला आणि स्वतःचं धाडस माझ्या नावावर घातलं. मला वाटलं, राहू दे. एवढी सुंदर गोष्ट आहे, कशाला मोडा? कोणाला कळणार आहे? आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या शनिवारी टेबलापाशी मी अगदी हेच म्हणाले होते.

मी केटला म्हटलं, तो पत्रा घे आणि माझ्याबरोबर बाहेर चल. कार पार्कमध्ये ढग भरून आले होते. तिने सवयीने पत्रा भिंतीला टेकवला. मी तिला त्या स्वयंपाकघरात खरं काय झालं ते सांगितलं, कोण काय म्हणालं ते, शब्दन् शब्द.   तिने विचारलं, "मग आता मी नव्या लोकांना काय सांगू?"

"नावानिशी सांग," मी म्हणाले. "नलिनी हसबनीस म्हणाली, गप्प बसा. आणि प्रमिला हसबनीसने तिचं ऐकलं नाही."